पिल्लांच्या पोटावर-कानांवर गोल खपल्या: देवी, खरूज की स्वाइन फिव्हर?

गडग्याकाठी (कुडाळ तालुका)

नमस्कार मंडळी. एक डुकरीण, लार्ज व्हाइट यॉर्कशायरचा संकर, दुसरं वेत. तिची नऊ पिल्लं, वय आठ आठवडे, वजन सरासरी दहा किलो. गेले आठ-नऊ दिवस पिल्लांच्या पोटावर, मांडीच्या आतल्या बाजूला आणि कानांवर लाल फोड आले. आता त्यातल्या बऱ्याच फोडांवर काळपट गोल खपली धरली आहे, मधोमध थोडी दबलेली. मोठ्यात मोठी खपली हरभऱ्याएवढी. काही ठिकाणी नवे लाल ठिपकेही दिसतात. पिल्लं गडग्याला (दगडी कुंपणाला) अंग घासतात. सात पिल्लं नीट खातात, दोन मागे राहतात आणि त्यांच्या कानांवरच्या खपल्या ओल्या आहेत. डुकरिणीच्या आचळांजवळ चार-पाच पुरळ आहेत, बाकी ती ठीक.

मांगर (डुकरांचा गोठा) जांभ्याचा, जमीनही जांभ्याचीच, पावसामुळे ओल कायम. खाणं म्हणजे भाताचा कोंडा, थोडी पेंड आणि मालवणातल्या दोन हॉटेलांचं खरकटं. स्वाइन फिव्हरची लस अजून दिलेली नाही. पलीकडच्या वाडीत गेल्या आठवड्यात दोन मोठी डुकरं अचानक मेली, कारण कोणी तपासलं नाही. म्हणून धास्ती वाटते.

विचारायचं एवढंच: हा आफ्रिकन स्वाइन फिव्हर असू शकतो का? आयव्हरमेक्टिन (उवा-खरजेवरचं इंजेक्शन) या वयात देता येईल का, किती? घरातली मुलं आणि गोठ्यातली गुरं यांना धोका आहे का? आणि तीन पिल्लं ठरलेली आहेत, ती आत्ता देऊ का?

पशुवैद्य_दक्षिणकोकण

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: एकही पिल्लू बाहेर देऊ नका आणि बाहेरचं आत आणू नका. बाकीचं ठरेपर्यंत हे पक्कं धरा.

आता थर्मामीटर. कातडीवरच्या डागाचा अर्थ तापाशिवाय लागत नाही. माणसांसाठीचा साधा डिजिटल थर्मामीटर चालतो, मात्र तो डुकरांसाठीच वेगळा ठेवा. टोकाला थोडं तेल लावा, गुदद्वारात साधारण दीड-दोन इंच घाला आणि टोक जरा बाजूला टेकवा. ते शेणात रुतलं तर आकडा कमी येतो. पहाटे, पिल्लं झोपलेली असताना घ्या. दुपारी पाठलाग करून पकडलेलं निरोगी पिल्लूसुद्धा १०४ फॅरनहाइट दाखवतं आणि उगाच घबराट होते. या वयाला १०२ ते १०३.५ नेहमीचं. शांत असताना १०४.५ च्या वर गेला तर ताप. १०५ ते १०७ आणि अंग गळालेलं असेल तर स्वाइन फिव्हरच्या बाजूने विचार करावा लागतो.

तुम्ही लिहिलेलं वर्णन देवीशी चांगलं जुळतं. देवीचा फोड पायरीपायरीने जातो: सपाट लाल ठिपका, मग कडक गाठ, मग मध्ये दबलेली काळपट खपली, आणि ती गळल्यावर फिकट व्रण. एकाच पिल्लावर या सगळ्या पायऱ्या एकदम दिसणं ही मोठी खूण. पोट, मांड्यांची आतली बाजू, कान ही तिची नेहमीची जागा, कारण कातडी तिथे पातळ आणि उवा तिथेच चावतात. डुकराची ऊ हा विषाणू चाव्यातून एकाकडून दुसऱ्याकडे नेते, माश्याही थोडंफार ते काम करतात. तीन-चार महिन्यांखालच्या पिल्लांना जास्त होते, तीन ते चार आठवड्यांत आपोआप बरी होते आणि मरतुक एरवी फार कमी. या विषाणूवर औषध नाही, लसही नाही. इलाज उवांवर आणि खपलीत शिरणाऱ्या जिवाणूंवर करायचा असतो.

स्वाइन फिव्हर, मग तो साधा असो की आफ्रिकन, गोल खपल्यांनी सुरू होत नाही. आधी ताप, खाणं बंद, सगळी एकमेकांवर रास करून पडणं. साध्या स्वाइन फिव्हरमध्ये डोळ्यांना चिकट पू येतो, आधी बद्धकोष्ठ आणि मग हगवण लागते, मागचे पाय लटपटतात. त्यानंतर कान, सोंड, पोट, मांड्या यांवर जांभळी झाक किंवा टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके. आफ्रिकन प्रकारात काही डुकरं कातडीवर काहीच दिसायच्या आत मरतात, काहींच्या नाकातून रक्ताचा फेस येतो. दोन्ही ताप डोळ्यांनी वेगळे ओळखता येत नाहीत, कितीही अनुभव असला तरी. त्याला पीसीआर तपासणीच लागते. डाग अंगठ्याने पाच सेकंद दाबून पाहा. दाबूनही जांभळा राहिला तर कातडीत रक्त उतरलेलं आहे, तो वाईट. दाबल्यावर फिका पडला तरी ताप असेल तर निर्धास्त होऊ नका. काळ्या गावठी डुकरात कातडीवर रंग दिसतच नाही, तिथे हिरड्या आणि डोळ्यांच्या पापणीची आतली बाजू बघायची.

तर देवीची शक्यता जास्त. पण खाणं सोडलेली दोन पिल्लं आणि पलीकडच्या वाडीतली मरतूक यांमुळे मी इथे बसून शिक्का मारणार नाही. १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर फोन करा किंवा तुमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आजच कळवा, आणि पलीकडच्या मरतुकीचाही उल्लेख करा.

मुलांना आणि गुरांना: डुकराची देवी डुकरापुरतीच. दोन्ही स्वाइन फिव्हर माणसाला होत नाहीत. नावामुळे लोक त्यांना स्वाइन फ्लू समजतात, तो वेगळाच आजार. पण खरूज असेल तर हाताळणाऱ्याला काही दिवस खाज सुटू शकते, आणि इरिसिपेलस या डुकरांच्या आणखी एका आजाराचा जिवाणू हाताच्या जखमेतून माणसात शिरतो. म्हणून हातमोजे घालाच.

झापातला_बाबू

एवढं कशाला? गॅरेजमधलं जळकं ऑइल सगळ्या अंगाला चोपडा. दोन दिवसांत उवा साफ. आमच्याकडे सगळे तेच करतात. आणि आयव्हरमेक्टिन अर्धा मिली सरसकट टोचा, काही होत नाही.

पशुवैद्य_दक्षिणकोकण

बाबूभाऊ, उवा गुदमरून मरतात हे खरं, पण जळक्या ऑइलमध्ये इंजिनाच्या झिजेतून आलेले धातू आणि जळालेले विषारी घटक असतात. पिल्लांची कातडी आधीच फुटलेली आहे, त्यातून ते अंगात जातं, आणि पिल्लं एकमेकांना चाटतात ते पोटात. ऑइल लावून उन्हात सोडलेल्या पांढऱ्या डुकराची कातडी भाजल्यासारखी सोलते. शिवाय काळ्या थराखाली जांभळा डाग उमटला तर दिसणारच नाही, आणि सध्या आपल्याला नेमकं तेच बघायचं आहे. कृपया कोणी लावू नका.

सरसकट अर्धा मिलीचं उत्तर पुढच्या प्रतिसादात कोणी देईलच. बाजारात एक टक्क्याची बाटली आहे तशी गुरांसाठीची ३.१५ टक्क्यांचीही आहे. अर्धा मिली त्यातून गेलं तर दहा किलोच्या पिल्लाला पाचपट मात्रा होते.

सोडण_आणि_कोंडा (वेंगुर्ला)

उवा आणि खरूज यांवर सविस्तर लिहितो, कारण मांगरात दोन्ही एकदम असणं नेहमीचं आहे.

आधी दोन्ही ओळखा. डुकराची ऊ मोठी असते, चार ते सहा मिलिमीटर, करडी-तपकिरी, नुसत्या डोळ्यांना दिसते. कानामागे, मानेच्या वळीत, जांघेत टॉर्च लावून बघा. लिखा केसाच्या बुडाशी चिकटलेल्या असतात. खरजेचा किडा डोळ्यांना दिसत नाही. त्याची सुरुवात कानाच्या आत होते: पिठूळ, राखाडी खवले, मग जाड साल, डुक्कर सारखं कान झटकतं. डुकरिणीच्या कानातून ही साल खरवडून घ्या, थोडं रक्त दिसेपर्यंत, आणि बंद डबीतून दवाखान्यात द्या. सूक्ष्मदर्शकाखाली किडा दिसला की वाद मिटला. पिल्लांच्या पोटावरून खरवडण्यापेक्षा मोठ्या जनावराच्या कानातली साल जास्त कामाची, किडे तिथे सगळ्यात दाट असतात.

आयव्हरमेक्टिन एक टक्का: किलोमागे ०.३ मिलिग्रॅम, म्हणजे ३३ किलोला एक मिली. तुमच्या दहा किलोच्या पिल्लाला ०.३ मिली. पाच मिलीच्या सिरिंजवर हे मोजताच येत नाही, एक मिलीची घ्या. कातडीखाली द्यायचं, स्नायूत नाही. चिमटीत कातडी उचलून सुई आडवी घाला. पिल्लाला वीस नंबरची, डुकरिणीला अठरा नंबरची सुई पुरते. सुई प्रत्येकाला वेगळी. देवी आणि स्वाइन फिव्हर दोन्ही एका सुईने अख्ख्या कळपात फिरतात.

डुकरिणीचं वजन अंदाजाने धरू नका. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि दोन कानांच्या मधून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी, दोन्ही मीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी गुणिले ६९.३, हे झालं वजन किलोत. घेर १.१० आणि लांबी १.२० असेल तर साधारण १०० किलो, म्हणजे तीन मिली.

एक डोस पुरत नाही, आणि लोक नेमके इथेच फसतात. औषध लिखा मारत नाही. त्या १२ ते २० दिवसांत फुटतात. म्हणून चौदाव्या दिवशी दुसरा डोस, आणि चौथ्या आठवड्यात पुन्हा टॉर्च लावून कानामागे बघणं. सगळ्या जनावरांना एकाच दिवशी द्या. एखादा नर बाजूला बांधलेला राहिला की सगळं मुसळ केरात. पुढच्या वेताला डुकरीण विण्याआधी एक-दोन आठवडे तिला डोस दिला तर पिल्लांना पहिल्या दिवसापासून उवा आणि खरूज मिळत नाही.

ज्या पिल्लांना ताप आहे त्यांना मात्र डॉक्टर बघेपर्यंत थांबा.

आता जांभा. जांभ्याच्या भोकांत शेण, ओल, खपल्यांचा चुरा सगळं बसतं. देवीचा विषाणू सुक्या खपलीत वर्षभर टिकू शकतो. त्यामुळे या वेताची बरी झाली तरी पुढच्या वेताला तोच आजार तिथेच वाट बघत असतो. भिंत तीन फुटांपर्यंत सिमेंटने गिलावा करून घेतली तर अर्धं काम होतं. खाली खरखरीत जांभा असेल तर पिल्लांचे गुडघे सोलतात आणि जिवाणूंना दार मिळतं. तिथे पावसाळ्यात भाताच्या पेंढ्याचा जाड थर द्या आणि ओला झाला की बदला. काढलेला पेंढा शेतात पसरू नका, खड्ड्यात चुन्याबरोबर दाबा.

कानांवरच्या कडक साली मऊ करायला करंजेल तेल १०० मिली आणि गंधकाची पूड १० ग्रॅम, कोमट करून, एक दिवसाआड लावता येतं. सुक्या सालीवरच, ओल्या जखमेवर नाही. हे इंजेक्शनला पर्याय नाही, सोबत आहे.

गडग्याकाठी (कुडाळ तालुका)

खूप आभार. पहाटे ताप घेतला. सात पिल्लं १०२.४ ते १०३.२. दोन मागे पडलेली १०४.८ आणि १०५. डुकरीण १०१.८. जांभळा डाग कुठेच नाही. ज्या दोघांना ताप आहे त्यांच्या कानांवरच्या खपल्या दाबल्यावर पू येतो आणि भोवती कातडी तेलकट, तपकिरी दिसते. कानामागे टॉर्च लावला, उवा भरपूर. डॉक्टर उद्या येणार आहेत. तोवर काय करू? आणि हे तेलकट काय?

पशुवैद्य_दक्षिणकोकण

छान नोंद केलीत, आता चित्र बरंच स्पष्ट आहे. तेलकट तपकिरी थर म्हणजे बहुधा स्टॅफिलोकोकस हायकस हा जिवाणू. पाच दिवस ते पाच आठवडे वयाच्या पिल्लांत तो एकटाच अख्खं अंग चिकट करून टाकतो, मोठ्या पिल्लांत असा फुटलेल्या खपलीभोवती जमतो. याला खाज नसते. तुमची पिल्लं घासतात ती उवांमुळे.

आज एवढं करा. ती दोन पिल्लं वेगळ्या कोरड्या जागी ठेवा, पण दोघांना एकत्र ठेवा, एकटं पिल्लू गारठतं आणि खात नाही. निरोगी सातांना आधी खाणं घाला, आजारी दोघांना शेवटी. दोन्हीकडे बादली आणि झाडू वेगळे. कानावरचा पू कोमट पाण्याने भिजवून काढा आणि पोव्हिडोन आयोडीन पातळ करून लावा, चहाच्या रंगाइतकं. खपली ओढून काढू नका. पेज कोमट द्या, पाणी सतत समोर असू दे. जनावराने चोवीस तासांत दोन वेळा खाण्याकडे पाठ फिरवली तर डॉक्टरांची वाट न बघता पुन्हा फोन करा.

अँटिबायोटिक कोणतं आणि किती दिवस, ते उद्या हात लावून बघणारे ठरवतील. दुकानातून आणून आज टोचू नका. ताप उतरला तर तो जिवाणूचा होता की नाही हे उद्या कळणार नाही. त्यांना एवढं मात्र नक्की सांगा की दोन्ही तापकरी पिल्लांचं रक्त घ्या, जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत (तिच्यात रक्त साकळत नाही) आणि साध्या नळीतही. बर्फाच्या पिशव्यांसोबत, गोठू न देता पाठवायचं. वाळलेल्या दोन-तीन खपल्या वेगळ्या कोरड्या डबीत. नमुने पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे जातात. आफ्रिकन स्वाइन फिव्हरचा संशय असेल तर पुढे भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे.

एवढं का, तर साध्या स्वाइन फिव्हरचा सौम्य प्रकार असतो. ताप १०५ च्या आसपास रेंगाळतो, अंगावर जांभळं काही नसतं, पिल्लं नुसती खुरटतात. देवी आणि तो एकाच कळपात असायला काहीच हरकत नाही.

घाटमाथा_ते_खाडी

खरकट्याकडे कोणी अजून वळलं नाही, आणि मला सगळ्यात काळजी त्याचीच वाटते. देवी बरी होईल. खरकट्यातून आफ्रिकन स्वाइन फिव्हर आला तर मांगर रिकामा होतो.

भारतात हा आजार पहिल्यांदा २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचल प्रदेशात नोंदला गेला. आपल्याकडे त्यावर मान्यताप्राप्त लस नाही, औषध नाही, बाधित कळपात मरतूक जवळजवळ पूर्ण. मालवण, तारकर्ली, गोव्याच्या सीमेवरची हॉटेलं यांच्या खरकट्यात पोर्कचे तुकडे असतात, गोवा सॉसेजची सालं असतात. खारवलेल्या, धुरावलेल्या, फ्रीजरमधल्या मांसात हा विषाणू महिनोन् महिने जगतो. विष्ठेत, रक्तात, चपलेला लागलेल्या चिखलातसुद्धा टिकतो.

सगळ्यात चांगलं म्हणजे खरकटं बंद. ते जमत नसेल तर शिजवा: पूर्ण भांडं ९० अंश सेल्सिअसच्या वर, सलग ६० मिनिटं, सतत ढवळत. नुसती उकळी आली म्हणून उतरवलं तर मधला गोळा कच्चा राहतो. मोठी हाडं आणि मांसाचे लगदे आधी फोडून घ्या, नाहीतर आतपर्यंत उष्णता पोचत नाही. कच्चं खरकटं ज्या पिंपातून येतं त्यातच शिजलेलं परत ओतायचं नाही, ही चूक फार होते. पिंप वेगळे रंगवून ठेवा. खारवलेली मासळी जास्त आली तर काढून टाका. मीठ जास्त आणि पाणी कमी पडलं की डुकरं आंधळी चालतात, झटके येतात, आणि लोकांना वाटतं रोग आला.

दारात पाय बुडवायचं पाणी ठेवाल तर छपराखाली ठेवा. कोकणातला पाऊस उघड्यावरच्या टबाचं तासाभरात नुसतं पाणी करतो. आधी ब्रशने शेण काढायचं, मग बूट बुडवायचे, शेणात ब्लीचिंग लगेच निकामी होतं. ब्लीचिंग पावडर दमट हवेत आठवड्यांत फुकट जाते, वास गेला की तिचा जोर गेला. रिकाम्या मांगराला कॉस्टिक सोडा दोन टक्के, म्हणजे दहा लिटर पाण्यात २०० ग्रॅम. पाण्यात सोडा घाला, सोड्यावर पाणी नको, उसळतं. चष्मा, रबरी हातमोजे, आणि जनावरं बाहेर. धुऊन, सुकवून मग मारा. दोन-तीन तासांनी पुन्हा धुवा.

रानडुकरांनाही हे दोन्ही ताप होतात. गडगा पडला असेल तर बांधून घ्या, आणि शिकारीचं मांस किंवा आतडी मांगराजवळ फिरकू देऊ नका.

पलीकडच्या वाडीतल्या दोन डुकरांचं काय केलं ते विचारा. २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोग प्रतिबंध कायद्यात दोन्ही स्वाइन फिव्हर आहेत. संशय आला की मालकाने ग्रामपंचायतीला किंवा पशुवैद्यकाला कळवणं बंधनकारक आहे, आणि मढं ओढ्यात, खाडीत टाकणं गुन्हा. आफ्रिकन स्वाइन फिव्हर ठरला तर एक किलोमीटरच्या आतली डुकरं ठार करावी लागतात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत राहते. भरपाई शासनाने ठार केलेल्या जनावरांची मिळते. म्हणून लपवण्यात मालकाचाच तोटा. पुरायचं असेल तर उंचवट्यावर, विहिरीपासून लांब, वर सहा फूट माती येईल इतकं खोल. सखल जागी पावसात दोन फुटांवर पाणी लागतं, तिथे नको. मढं घरी फाडून बघू नका, सांडलेलं रक्त सगळ्यात जास्त विषाणू पसरवतं.

गडग्याकाठी (कुडाळ तालुका)

खरकटं आजपासून बंद केलं. पलीकडे विचारलं, पुरलं आहे म्हणतात, डॉक्टरांना जागा दाखवतो. स्वाइन फिव्हरची लस उद्याच देऊन घ्यावी का? आणि बरी झाल्यावर विक्री कधी?

पशुवैद्य_दक्षिणकोकण

उद्या नको. जिवंत लस आहे, तापकरी जनावराला द्यायची नाही, आणि कळपात रोग आधीच असेल तर लस देणाऱ्याच्या सुईनेच तो पसरतो. रक्ताचा अहवाल येऊ दे, दोघांचा ताप उतरून खाणं सुरू होऊ दे. मग सगळ्यांना एकदम, एक मिली, आणि दर वर्षी पुन्हा. लस बर्फाच्या पेटीतून, २ ते ८ अंशांत येते. विरघळवली की दोन तासांत संपवायची, उरलेली संध्याकाळसाठी ठेवायची नाही. पिशवीत गाडीच्या डिकीतून आलेली कुपी मेलेली समजा, आणि मग लस दिली होती तरी डुकरं गेली असं होतं. खुरकतची लसही डॉक्टरांना विचारून घ्या. सोंडेवर किंवा खुरांच्या वरच्या कडेला पाण्याचे फोड आणि लंगडणं दिसलं तर तो वेगळा आजार, त्याचीही त्याच दिवशी खबर द्या.

विक्री: पाळायला द्यायची असतील तर शेवटची खपली गळून फिकट व्रण दिसेपर्यंत, अहवाल स्वच्छ येईपर्यंत आणि आयव्हरमेक्टिनचा दुसरा डोस होईपर्यंत थांबा. घेणाऱ्याला देवी झाली होती हे सांगून द्या, त्यालाही कळू दे. मांसासाठी द्यायची असतील तर शेवटच्या आयव्हरमेक्टिनपासून २८ दिवस. बाटलीवर जास्त लिहिलं असेल तर तो आकडा धरा. अँटिबायोटिकचे दिवस त्यावर वेगळे. दोन्हींत जो नंतरचा दिवस येईल तो तुमचा. अहवाल आला की आकडे इथेच टाका.